टाचेपाशी

विहिरीतले पारवे एकाएकी बाहेर पडतात आणि परत बसत नाहीत. गोठ्यातली गुरं रवंथ थांबवतात. मग कौलं सरकू लागतात, आधी एक, मग एकदम पाच-सहा. आणि तरीही माळावर नजर जाईल तिथवर काहीच नसतं. गावाएवढा प्राणी आमच्या टेबलावर आणायचा तर मी तो असा आणतो. आधी त्याच्या चालण्याचे परिणाम येतात. तो स्वतः फार उशिरा येतो, आणि आला तरी अख्खा कधीच दिसत नाही.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात पडदा नसतो, कॅमेरा नसतो. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होऊन बोलतात, आणि पुढे काय होईल हे जिथे कुणालाच ठाऊक नसतं तिथे फासे टाकले जातात. पुण्यातल्या एका घराच्या बैठकीत, रविवारच्या दुपारी, जग सांगणाऱ्याच्या खुर्चीत मी बसतो. या खुर्चीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं कुणी विचारलं तर दरबारातली कारस्थानं किंवा मायावी भुयारं असं मी म्हणणार नाही. पावणेसहा फुटांच्या माणसाला साठ फुटांच्या जिवापुढे उभं करायचं आणि त्याला पावणेसहा फुटांचाच ठेवायचं, हे अवघड आहे. कारण खेळाचे नियम त्याला हळूहळू फुगवत नेतात.

हे फुगणं कुठून आलं ते पाहण्यासारखं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये छापून बाजारात आला. त्याआधी अर्नेसन अमेरिकेतल्या मिनेसोटात मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाचं काल्पनिक जग खेळत होते. तिथे सुरुवातीला एक घाव म्हणजे एक मरण असा हिशेब होता, आणि जीव लावून वाढवलेलं पात्र एका फाशात जाणं खेळणाऱ्यांना सहन होईना. तेव्हा हिट पॉइंट्स आले. ती कल्पना, अर्नेसन यांच्याच सांगण्यानुसार, अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या एका युद्धखेळातली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. गोळे लागत जातात, आकडा उतरत जातो, शून्यावर आला की ते तळाला जातं. म्हणजे मुळात ही मोजणी एका अवाढव्य वस्तूचीच होती. ती माणसाला लावली आणि माणूस जहाज झाला. मग राक्षसालाही तीच लावली, आणि दोन जहाजं समोरासमोर नांगर टाकून एकमेकांवर तोफा डागू लागली. हा खेळ मी मनापासून खेळत आलो आहे, पण या एका ठिकाणी माझं त्याच्याशी भांडण आहे.

टॅरास्कचंच घ्या. या खेळातला हा सर्वांत भयंकर प्राणी समजला जातो. २०१४ च्या आवृत्तीत त्याचे हिट पॉइंट्स ६७६ आहेत आणि आर्मर क्लास २५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर भलाभक्कम आकडा पडल्याशिवाय त्याला ओरखडाही उठत नाही. चौघे चार बाजूंनी आपापल्या चौकोनात उभे राहतात. फासा पडतो, आकडा वजा होतो, पुन्हा फासा पडतो. तलवार लागली कुठे, हे कुणी विचारत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची तलवार त्याच्या नखापर्यंत पोचेल, फार तर घोट्यापर्यंत. सहाशे शहात्तर आकडे नखातून काढायचे! मला ते पाहवत नाही. ज्या दंतकथेतून हे नाव आलं ती दक्षिण फ्रान्समधल्या तारास्कों गावची, आणि तिच्यात कुणीच त्या प्राण्याशी द्वंद्व करत नाही. संत मार्था पवित्र जल शिंपडून त्याला शांत करते, कमरेच्या पट्ट्याने बांधून गावात आणते, आणि मग गावकरी मिळून भाले-दगडांनी त्याला मारतात. एवढ्या मोठ्या जिवाचं काय करायचं हे त्या जुन्या गावाला आमच्या नियमपुस्तकापेक्षा जास्त कळलं होतं, असं मला वाटत आलं आहे.

ड्रॅगनच खरा नसतो, मग त्याच्याशी लढाई खरी कशी करणार, असं आमच्यातल्या एकीने एकदा विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जगात एक अशक्य गोष्ट आपण मान्य केली, की उरलेल्या सगळ्या गोष्टींनी तिच्याशी प्रामाणिक राहायचं. माती, पूल, दोर, वारा, भीती, सगळ्यांनी.

या प्रामाणिकपणासाठी मला ज्याची सोबत झाली तो लेखक शास्त्रज्ञ होता. जे. बी. एस. हाल्डेन. उतारवयात, १९५७ मध्ये, ते इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९२६ मध्ये प्राण्यांच्या योग्य आकाराविषयी एक छोटा निबंध लिहिला होता. त्यात लहानपणी पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेले साठ फुटी राक्षस ते विचारासाठी घेतात. राक्षस माणसाच्या दसपट उंच, दसपट रुंद, दसपट जाड. म्हणजे वजन हजारपट. पण हाडाचा छेद शंभरपटच. तेव्हा हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दसपट भार. आणि माणसाच्या मांडीचं हाड साधारण दसपट भाराखाली मोडतं. म्हणजे हे राक्षस पाऊल टाकतील तेव्हा त्यांची मांडी मोडेल. गॅलिलिओने हेच गणित १६३८ मध्ये मांडून ठेवलं होतं.

पुष्कळ जण हा निबंध राक्षसांना खेळातून हाकलायला वापरतात. मी तो उलटीकडून वाचतो. हजारपट वजनाचा तो जीव उभा आहे, हे एकदा धरून चाललं, तर पुढे काय काय आलं? त्याचं पाऊल नांगरलेल्या शेतात किती रुतेल? कुठला पूल त्याला पेलेल? तो उडी मारणार नाही, हे नक्की. हत्तीलाही उडी मारता येत नाही. बसला तर उठायला त्याला वेळ लागेल, म्हणून तो सहसा बसणारही नाही. आणि तो पडला तर? त्याच निबंधात हाल्डेन सांगतात की खोल खाणीत उंदीर टाकला तर तो जरा हबकतो आणि चालू लागतो. घूस मरते, माणसाची हाडं मोडतात, घोड्याच्या चिंधड्या होतात. जितकं मोठं शरीर, तितकी जमीन त्याची वैरी. हे वाचलं त्या दिवशी माझ्या सगळ्या लढाया बदलल्या. महाकायाला मारण्यासाठी माणसाकडे पुरेसं लांब पातं कधीच नसतं, पण त्याचं वजन त्याच्याजवळ सदैव असतं, आणि ते वापरता येतं.

आता हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर कोल्हापूरला जावं. साठमारीचं मैदान तिथे अजून आहे. संस्थानच्या काळात तिथे मस्तीत आलेला हत्ती मोकळा सोडत आणि पायी माणसं त्याला चिथवत, हुलकावण्या देत. बडोद्यात गायकवाडांकडेही हा खेळ होता. लुई रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या अमदानीत, तो पाहून सविस्तर लिहून ठेवला आहे. कुणाच्या हाती चाबूक, कुणाच्या हाती भाला, कुणाकडे लाल फडकं. काही जणांकडे टोकाला दारूकाम बांधलेल्या काठ्या, आणि त्यांचं काम एकच: साथीदार हत्तीच्या तावडीत सापडला तर जाळ आणि धूर करून हत्तीचं लक्ष तोडायचं. एरवी त्यांनी मध्ये यायचं नाही.

पण साठमारीचं मर्म हत्यारांत नाही, बांधकामात आहे. मैदानाच्या भिंतींना अरुंद दारं ठेवलेली असत. माणूस अंग चोरून आत शिरेल, हत्ती शिरणार नाही. मोकळ्या मैदानात सरळ धावायची वेळ आली तर हत्ती माणसाला गाठणार. धावता हत्ती ताशी सुमारे पंचवीस किलोमीटरचा वेग गाठतो, आणि घाबरलेल्या माणसाला वाळूत तेवढा वेग टिकवता येत नाही. तेव्हा साठमाराचं सारं कौशल्य दोन दारांमधल्या अंतरात असे. कुठल्या दारातून निघालो, कुठल्या दाराकडे चाललो, हत्तीचं डोकं या घटकेला कुणीकडे वळलंय, त्याला वळायला किती वेळ लागेल. दारात शिरल्यावरही सोंड मागोमाग आत येऊ शकते, म्हणून भिंतीला चिकटून आणखी आत सरायचं. त्या भिंतींपाशी उभं राहून मी दाराची रुंदी माझ्या खांद्यांशी ताडून पाहिली होती. छाती आत घ्यावी लागते. त्या जनावरांना दिलेला त्रास मला आवडत नाही, आणि तो खेळ बंद झाला हे चांगलंच झालं. तरी माणूस महाकायापुढे खरोखर कसा जगतो, याची एवढी स्पष्ट शिकवण मला दुसऱ्या कुठल्या वास्तूत मिळालेली नाही. तो लहान आहे म्हणून जगतो.

त्यानंतर मी लढाईचा नकाशा काढतो तेव्हा सगळ्यात आधी दारं काढतो. पडक्या देवळाचा गाभारा, दोन कातळांमधली भेग, उलटी पडलेली बैलगाडी, ओढ्यावरच्या पुलाची कमान. जिथे तो येऊ शकत नाही अशा जागा. मग थरार त्या जागांमध्ये राहत नाही, एकीतून दुसरीत जाण्यात राहतो. आणि दारूकामाच्या काठीवाला माणूस तर आमच्या टोळीत कायमचा आला आहे. त्याचा फासा कुणाला जखम करण्यासाठी नसतोच. त्या मोठ्या डोळ्यांनी दुसऱ्याला सोडून आपल्याकडे पाहावं, एवढ्यासाठी तो असतो.

कारण महाकायाच्या लढाईत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे त्याची नजर. बहुतेक वेळ तुम्ही त्याच्या खिजगणतीत नसता. तो पाण्याकडे चाललेला असतो, पिल्लामागे चाललेला असतो, नाहीतर अंगाला खाज सुटली म्हणून डोंगराच्या सोंडेला पाठ घासत असतो, आणि त्यात तुमच्या गावाची वेस जाते. त्याच्या मनात तुमच्याविषयी वैर नाही. मी खेळणाऱ्यांना सांगतो, अजून त्याने तुला पाहिलेलं नाही. हे वाक्य उच्चारलं की टेबलावरचे हात थांबतात. दोन-तीन डाव त्याला आपण दिसलोच नाही, आणि मग ते डोकं, झाडांच्या शेंड्यांच्या वर, हळूहळू आपल्या बाजूला वळू लागलं. हल्ल्याचा एकही आकडा त्या वळण्याची बरोबरी करत नाही.

‘कॉल ऑफ कथुलू’ या १९८१ च्या खेळात माणसाचं हे खिजगणतीत नसणं फार निर्भयपणे आणलेलं आहे. तिथे कथुलू या महाकायासमोर उभं राहिलं तर तो दर फेरीला एक ते तीन माणसं उचलतो, झालं. चुकवायचा फासा नाही, चिलखताचा उपयोग नाही. पहिल्यांदा वाचताना हा नियम क्रूर वाटतो. मला तो सत्य वाटतो. ‘डन्जन वर्ल्ड’ या आणखी एका खेळातल्या ड्रॅगनला तर फक्त सोळा हिट पॉइंट्स आहेत. सोळा! टॅरास्कच्या सहाशे शहात्तरशेजारी हा आकडा ठेवून पाहा. पण त्या सोळापर्यंत पोचायचं कसं, हाच तिथे सगळा खेळ. खवल्यांवर तलवार लागत नाही, शेपटीच्या टप्प्यात उभं राहता येत नाही, श्वासाची आग अंगावर येते तेव्हा आधी हात वाचवायचा की ढाल, हे ठरवावं लागतं. मला विचाराल तर आकडा लहान आणि वाट लांब, हाच न्याय.

पण शिकण्याजोगं सगळ्यात जास्त मला युद्धकांडात सापडलं. वाल्मीकींचा कुंभकर्ण रणात येतो तेव्हा पहिली गोष्ट काय होते? कुणी बाण मारत नाही. वानरसेना त्याला नुसतं पाहून पळत सुटते. तेव्हा विभीषण रामाला सुचवतो की वानरांना सांगा, हे एक उंच उभारलेलं यंत्र आहे, म्हणजे त्यांची भीती जाईल. काय अचूक नजर आहे ही! लढाई सुरू होण्याआधी सैन्याने उभं राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी त्या आकाराचा काहीतरी मनाला पेलेल असा अर्थ लावून द्यावा लागतो. मग अंगद पळणाऱ्यांना मागे वळवतो. वानर कुंभकर्णाच्या अंगावर चढतात, ओरबाडतात, चावतात. तो त्यांना तोंडात टाकतो आणि काही नाकपुड्यांतून, कानांतून बाहेर येतात. तो सुग्रीवाला बेशुद्ध उचलून लंकेत घेऊन जाऊ लागतो, आणि शुद्धीवर आलेला सुग्रीव, इतक्या जवळ कुणीच पोचू शकलं नसतं अशा जागी असल्यामुळे, त्याचे नाक-कान तोडून निसटतो. शेवटी राम त्याचा एक हात तोडतो आणि तो तुटलेला हात वानरांवर पडून वानर चिरडतात. दुसरा हात पडतो तेव्हा खाली झाडं, खडक, वानर, राक्षस, जे असेल ते मोडतं. शिर लंकेच्या घरांवर आणि वेशीवर आदळतं, धड समुद्रात पडून मासे चिरडतं.

या सगळ्या वर्णनात एकही आकडा वजा होत नाही. प्रत्येक घावानंतर रणांगण वेगळं होतं. हात गेला म्हणजे एक धोका कमी झाला, आणि त्याच क्षणी तो हात खाली येऊ लागल्यामुळे नवा धोका सुरू झाला. तुम्ही जिंकत आहात, आणि म्हणूनच खालून पळा. मी याहून चांगला नियम लिहू शकत नाही. आमच्या टेबलावर आता जखमेला आकडा नसतो, वाक्य असतं. मागच्या उजव्या पायाची शीर तुटली. आता तो डावीकडे वळू शकत नाही. एक डोळा गेला. आता ती बाजू आपली, पण वेदनेने तो डोकं आपटतो आहे आणि डोकं कुठे पडेल ते त्यालाही ठाऊक नाही. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने घाव कुठल्या अवयवावर बसला ते फाशाने ठरवायची पद्धत आणली होती. मी तिच्या पुढे एवढंच जोडतो की अवयव हा नुसता जखमेचा पत्ता नसतो, ती जागाही असते. तिथे चढता येतं, तिथून घसरता येतं.

म्हणून राक्षसाची छोटी मूर्ती मी पटावर ठेवत नाही. ती ठेवली की तो बोटभर होतो, आणि सगळे त्याच्याकडे वरून पाहू लागतात. पुठ्ठ्याचं एक पाऊल कापून ठेवतो. तेवढाच त्यांना दिसणारा राक्षस. कुणी वर चढला तर गुडघ्याचा वेगळा कागद, पाठीचा वेगळा, मानेचा वेगळा. पाठीवर दगड आहेत, वाळलेला चिखल आहे, जुन्या कुठल्या तरी लढाईतले मोडके भाले रुतून गंजलेले आहेत, आणि त्या भाल्यांना धरून वर जाता येतं. तो अंग झटकतो तेव्हा मी हल्ला मोजत नाही, हात सुटला का एवढंच विचारतो. ‘शॅडो ऑफ द कलोसस’ या २००५ च्या जपानी व्हिडिओ गेममध्ये सोळा महाकाय आहेत, त्यांच्याखेरीज जगात दुसरा शत्रू नाही, आणि खेळणाऱ्याची सगळी धडपड त्यांच्या केसांना धरून राहण्याची. मुठीतली ताकद संपत आली की जे पोटात होतं ते मला टेबलावर शब्दांनी करायचं असतं.

पोटाखालची जागा मात्र मी द्रोणपर्वातून घेतली. भगदत्ताच्या सुप्रतीक हत्तीने भीमाचा रथ चिरडला तेव्हा भीम पळाला नाही. तो हत्तीच्या पोटाखाली शिरला, आणि हत्ती त्याला शोधत जागच्या जागी गरगर फिरत राहिला. हत्तीच्या सगळ्यात जवळची जागा हीच काही क्षण सगळ्यात सुरक्षित. नॉर्स कथेतला सिगुर्डही फाफनिर ड्रॅगनच्या वाटेत खड्डा खणून त्यात बसतो आणि तो वरून सरपटत जाताना खालून तलवार खुपसतो. एक म्हातारा त्याला आधी बजावतो की एकच खड्डा खणू नकोस, अनेक खण, नाहीतर रक्ताच्या लोंढ्यात तूच बुडशील. तो म्हातारा म्हणजे ओडिन देव. पण सल्ला अगदी अनुभवी गवंड्याचा.

आणि एक गोष्ट, जिच्याविषयी खेळाची पुस्तकं फार थोडं बोलतात. जनावर मरेपर्यंत लढत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या आवृत्तीत धैर्याचा वेगळा फासा होता, शत्रूचा पहिला माणूस पडला, निम्मे पडले, की दोन फासे टाकून पाहायचं की उरलेले टिकतात का. तो नियम नंतर मागे पडला याची मला हळहळ आहे. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाचे हत्ती मेसिडोनियन सैन्याने संख्येने संपवले नाहीत. माहूत टिपले, पायांवर कुऱ्हाडी चालवल्या, हत्तींना दाटीत कोंडलं, आणि बिथरलेले हत्ती आपल्याच माणसांना तुडवू लागले. महाकायाला मारावंच लागतं असं नाही. त्याला इथे राहणं नकोसं झालं तरी गाव वाचतं. मात्र तो कुठल्या दिशेने परत जाईल हे कुणी ठरवलंय का, हा प्रश्न मी नेहमी विचारतो, कारण त्या दिशेलाही कुणाची तरी घरं असतात.

सध्या आमच्या मोहिमेत एक असाच जीव घाटाच्या वाटेवर उतरतो आहे. अजून कुणी त्याला पाहिलेलं नाही, पारवे मात्र उडून गेले आहेत. मागच्या बैठकीत त्याचे हिट पॉइंट्स किती, असं कुणीच विचारलं नाही. तिथली माती काळी आहे की मुरमाड? पाऊस कधीपासून लागलाय? घाटातली वाट कड्याच्या बाजूने किती रुंद आहे? तो रात्री थांबतो का, आणि थांबला तर कुठल्या अंगावर रेलतो? उत्तरं द्यायला मला नकाशा पुन्हा काढावा लागला. मग त्यांनी दरोड्यातून मिळालेली मंतरलेली तलवार शहरात विकली आणि त्या पैशांत दोरखंड, पहारी आणि फावडी घेतली. नियमपुस्तकात एका फावड्याची किंमत दोन सोन्याची नाणी आहे. त्यांनी चाळीस घेतली आणि ती चालवायला गावातून माणसं जमवायला निघाले.